सरकत्या तरंग्याखाली जिग

खानदेशातील धरणांवर गळ टाकून बसणाऱ्या हौशी वाचकांची जी पत्रे येतात, त्यांतील पृच्छा वरवर निरनिराळ्या दिसल्या तरी त्या अखेर तीन गोष्टींपाशी येऊन ठेपतात. सरकता तरंगा विकत आणला, दुकानदाराने सांगितला तसा दोऱ्यात ओवला, तरी गळ खाली उतरतच नाही, तरंग्यालाच बिलगून राहतो, अशी काहींची तक्रार असते. शिशाचे डोके आणि पिसांची किंवा रबराची शेपटी असलेला जो गळ ‘जिग’ या नावाने दुकानांत मिळतो, त्याला आमिष लावावे की तो नुसताच सोडावा, याविषयी काहींना संभ्रम असतो. आणि उरलेल्यांची, माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, विचारणा अशी की अमुक धरणावर बसण्यास परवानगी कोणाची लागते, कोणी पैसे मागितल्यास द्यावेत काय, आणि अडवणूक झाल्यास दाद कोठे मागावी. या तिन्हींचा परामर्श पुढे घेतला आहे. मात्र ज्यांना परवानगीचाच प्रश्न भेडसावत आहे त्यांनी लेखाचा उत्तरार्ध आधी वाचावा. कारण परवानगी नसेल तर उत्तम बांधलेला तरंगाही पिशवीतच राहिलेला बरा.

या साधनाची आपल्याला गरज आहे काय?

आपल्या काठीला रीळ नसेल, म्हणजे बांबूच्या शेंड्याला तंगूस बांधून आपण पाटाच्या किंवा बंधाऱ्याच्या काठी बसत असाल, तर सरकता तरंगा घेण्याच्या भरीस पडू नये. अशा काठीला दोरा तिच्या लांबीएवढाच असतो आणि तेवढ्या पाण्यासाठी दोऱ्यावर घट्ट बसवलेला साधा तरंगा, मग तो भेंडाचा असो वा बुचाचा, पूर्णपणे पुरेसा आहे.

रिळाची काठी असेल तर मात्र गोष्ट निराळी होते. समजा, सात फुटी काठीने आपल्याला पंधरा फूट खोल पाण्यात गळ ठेवायचा आहे. घट्ट तरंगा गळापासून पंधरा फुटांवर बसवावा तर तो काठीच्या शेंड्याच्या कडीत अडकतो, दोरा पुरता गुंडाळता येत नाही, आणि लोंबणारा गळ फेकताना मागच्या बाभळीत गुंततो. सरकता तरंगा फेकण्याच्या वेळी खाली गळापाशी येऊन राहतो. पाण्यावर पडल्यानंतर जिगाच्या भाराने दोरा त्याच्यातून सुळसुळत खाली जातो, आणि दोऱ्यावर आपण आधीच बांधलेली अडगाठ तरंग्याशी आली की थांबतो. ही अडगाठ मऊ धाग्याची असल्यामुळे काठीच्या कड्यांतून आणि रिळावरून विनासायास जाते. खोली बदलायची असेल तर तरंगा सोडवावा लागत नाही, बोटांनी गाठ सरकवली की काम झाले.

खोली बदलण्याची ही सोय आपल्या मुलखात इतरत्र असेल त्याहून अधिक मोलाची आहे. आपली धरणे भाद्रपद-आश्विनात भरतात. मग रब्बीची आवर्तने सुटतात, गावांच्या पाणीपुरवठ्याचे पाणी सुटते, उन्हाने बाष्पीभवन होते, आणि दिवाळीत जेथे दोन पुरुष पाणी होते तेथे अक्षय्यतृतीयेला गाळपेरीची पिके उभी दिसतात. 1969 साली पुऱ्या झालेल्या गिरणा धरणाची भिंत नाशिक जिल्ह्यात आणि भिजणारी जमीन मुख्यतः जळगाव जिल्ह्यात, म्हणून त्याची पातळी कालव्याच्या आवर्तनांबरोबर उतरत जाते. तापी आणि पूर्णा यांनी काळ्या जमिनीतून वाहून आणलेल्या गाळाने हतनूरचा जलाशय पुष्कळ उथळ झाला आहे, आणि तेथे जुना नदीप्रवाह व त्याच्या बाजूचा सपाट गाळ यांच्या खोलीत मोठा फरक पडतो. अशा ठिकाणी गेल्या महिन्याचे माप या महिन्यात चालत नाही. जिगाचा रंग, पिसांचा पोत, परदेशी तरंग्याची किंमत या गोष्टींवर वाचक जेवढा विचार खर्च करतात, त्याच्या निम्मा जरी खोलीवर करतील तरी त्यांची निम्मी पत्रे लिहिली जाणार नाहीत.

कोणत्या माशासाठी जिग, कोणत्यासाठी साधा गळ

जिग हा मुळात भक्ष्याचा देखावा आहे. जो मासा दुसऱ्या लहान माशांवर, झिंग्यांवर किंवा किड्यांवर जगतो तोच त्याला भुलतो. आपल्याकडे जे मासे सोडले जातात त्यांपैकी कटला पाण्याच्या वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो; हे तिघेही शिकारी नव्हेत. त्यांच्यासाठी सरकता तरंगा अवश्य वापरावा, पण त्याखाली जिग न लावता साधा गळ आणि कणकेची किंवा शेंगदाण्याच्या पेंडीची गोळी लावावी. रोहूला जिग दाखवत दिवस घालवणे व्यर्थ होय.

जिगासाठी योग्य मासे पुढीलप्रमाणे:

- चिलापी. 1952 साली भारतात आणलेला हा परका मासा आता बहुतेक तळ्यांत ठाण मांडून आहे. दीड ते दोन ग्रॅमचा लहान जिग, त्याच्या टोकाला गांडुळाचा अर्ध्या बोटाएवढा तुकडा. नवशिक्याने येथूनच आरंभ करावा. मासा विपुल असतो आणि चूक पोटात घालतो.
- शिंगाळा. तळालगत, जुन्या नदीपात्राच्या कडेने, संध्याकाळी फिरणारा. तीन ते पाच ग्रॅमचा जिग, त्यावर झिंग्याचा किंवा लहान माशाचा तुकडा, तळापासून वीतभर वर. गळ काढताना त्याच्या पाठीवरच्या व कल्ल्यांमागच्या काट्यांपासून हात जपावा. ती जखम फार ठणकते.
- मरळ. हा लव्हाळ्यांत व उथळ वनस्पतींत राहतो, म्हणून त्याच्यासाठी सरकत्या तरंग्याचा विशेष लाभ नाही; वनस्पतींच्या कडेला दोन-तीन हात पाण्यात जिग उभा ठेवायचा असेल तेवढाच. पावसाळ्यात तांबूस पिलांचा थवा पृष्ठभागाजवळ घोटाळताना दिसला तर त्याच्याखाली राखण करणारी मरळ असते. तिला धरू नये. ती गेली की थव्यातली पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात.
- महसीर. तापीच्या खोऱ्यात याचे दर्शन आता दुर्मीळ झाले आहे. चुकून लागलाच तर पाण्यातच गळ सोडवून जाऊ द्यावा.

आमिषाच्या प्रश्नाचे उत्तर यातच आले. गढूळ पाण्यात, म्हणजे पावसाळा संपेपर्यंत तापीवर आणि हतनूरच्या फुगवट्यात, माशाला जिग नीट दिसत नाही, त्याला वास लागतो. तेथे नुसता जिग सोडणे म्हणजे वेळ दवडणे होय. निवळलेल्या पाण्यात, हिवाळ्यापासून पुढे, चांगल्या पिसांचा जिग आमिषावाचूनही चालतो. रंगाबाबत फार खल करू नये: गढुळात काळा किंवा भडक पिवळा, निवळात पांढरा किंवा करडा, एवढे भांडार पुरे.

बांधणीचा क्रम

दोरा रिळावरून काठीच्या सर्व कड्यांतून बाहेर घेतल्यावर पुढील क्रमाने ओवावे. हा क्रम चुकला तर तरंगा एकतर सरकत नाही, नाहीतर गाठ ओलांडून काठीपाशी जातो.

1. अडगाठ. रंगीत, जाडसर शिवणदोऱ्याचा वीतभर तुकडा मुख्य दोऱ्यावर ठेवून पाच वेढे द्यावेत, टोक त्यांतून ओढून घ्यावे, पाण्याने ओले करून आवळावे. टोके बुडाशी कापू नयेत, थोडी लांब ठेवावीत. आखूड ताठ टोके कड्यांत अडतात.
2. मणी. त्याचे भोक तरंग्याच्या भोकापेक्षा लहान आणि अडगाठीपेक्षाही लहान हवे. मणी विसरल्यामुळे गाठ तरंग्यात शिरून रुतून बसते; वाचकांच्या घोटाळ्यांतील हा फार मोठा वाटा आहे.
3. तरंगा. ज्याच्या पोटातून आरपार नळी गेली आहे असा.
4. शिशाचे मणी. तरंग्याच्या क्षमतेप्रमाणे, एकत्र, जिगापासून एक ते दीड हात वर.
5. फिरती कडी. तिच्यामुळे दोऱ्याला पीळ पडत नाही, आणि शिसे खाली घसरत नाही.
6. अखेरचा दोरा व जिग. मुख्य दोऱ्याहून थोडा बारीक, म्हणजे मासा तोडून गेलाच तर तरंगा आपल्याकडे राहतो.

मुख्य दोरा चिलापीसाठी 0.20 मिलिमीटर, शिंगाळ्यासाठी 0.28 ते 0.30 मिलिमीटर जाडीचा पुरतो. जिग बांधताना एक बारकावा पाळावा. ज्या जिगाची कडी डोक्याच्या वर काटकोनात असते, त्याची गाठ कडीच्या मध्यावर, वरच्या बाजूस ठेवावी. तेव्हाच तो पाण्यात आडवा, पोहणाऱ्या लहान माशासारखा राहतो. गाठ पुढे सरकली की तो शेपटी खाली टाकून लोंबतो, आणि लोंबणाऱ्या जिगाकडे मासा संशयाने पाहतो. प्रत्येक माशानंतर, प्रत्येक अडकण्यानंतर, ही गाठ बोटाने मागे घ्यावी.

भाराचा हिशेब घरीच करावा

धरणाच्या काठी वाऱ्यात शिशाचे मणी मोजत बसण्यापेक्षा आदल्या रात्री पाण्याची बादली घ्यावी. तरंग्यावर त्याची क्षमता ग्रॅममध्ये लिहिलेली असते. सहा ग्रॅमच्या तरंग्याखाली दोन ग्रॅमचा जिग असेल तर साडेतीन-चार ग्रॅम शिसे लागेल. पण छापील आकड्यावर विसंबू नये. जिग आणि शिसे लावून तरंगा बादलीत सोडावा, आणि त्याचा रंगीत शेंडा बोटाच्या पेराएवढा पाण्यावर राहीपर्यंत शिसे कमी-अधिक करावे. जास्त वर राहिलेला तरंगा माशाला ओढताना जड वाटतो आणि तो आमिष थुंकून टाकतो. फार बुडालेला तरंगा दुपारच्या लाटेत दिसेनासा होतो.

शिशाचे फटीचे मणी दातांनी दाबण्याची सवय अनेकांना आहे. ती तत्काळ सोडावी. शिसे शरीरात साठते. मणी पकडीनेच दाबावेत, आणि भाकरी सोडण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. लहान मुलांच्या हाती हे मणी देऊ नयेत.

गळ खाली उतरत नसल्यास

कारणे बहुधा पुढीलपैकी असतात, आणि ती याच क्रमाने तपासावीत:

- जिग हलका आणि वर शिसे नाही. दीड ग्रॅमचा जिग एकटा जाड दोऱ्याला नळीतून ओढू शकत नाही. शिसे घालावे.
- दोरा जुना, रिळाच्या वेटोळ्यांचा आकार धरलेला. नवा भरावा, नाहीतर जुनाच उन्हात ताणून सरळ करून घेता येतो, पण तात्पुरताच.
- तरंग्याच्या नळीत गाळ किंवा शेवाळ. सुईने साफ करावी.
- तरंगा पाण्यावर पडताक्षणी आपण रीळ बंद करता. रीळ उघडे ठेवावे, दोरा सुटू द्यावा, तरंगा आडवा पडलेला उभा झाला की मगच बंद करावे. खोल पाण्यात यास दहा-पंधरा सेकंद लागतात, आणि एवढा धीर न धरल्यामुळे सर्व दोष साधनाच्या माथी जातो.

खोली कशी मापावी

जिगाच्या वाकड्या टोकाला तरंग्याला बुडवील एवढे जड शिसे अडकवावे आणि ठरलेल्या जागी टाकावे. तरंगा पाण्याखाली गेला तर अडगाठ कमी अंतरावर आहे, ती वर सरकवावी. तरंगा आडवा पडून राहिला तर दोरा गरजेपेक्षा जास्त सुटला आहे, गाठ खाली घ्यावी. शेंडा नेमका पाण्यावर डोकावू लागला की अडगाठीपासून जिगापर्यंतचे अंतर म्हणजे त्या जागेची खोली. मोजपट्टी बाळगण्याचे कारण नाही. दोन्ही हात पसरून झालेली एक वाव सुमारे सहा फुटांची असते, आणि आपली वाव नेमकी किती हे घरी एकदा मोजून ठेवले की पुरे. मग शिंगाळ्यासाठी गाठ वीतभर खाली घ्यावी, चिलापीसाठी दोन-तीन हात.

काठावरून एकाच रेषेत जवळ, मध्ये आणि दूर अशा तीन जागी माप घ्यावे. जेथे खोली एकाएकी वाढते ती कड सापडली की दिवसाचे अर्धे काम झाले. ही कड कोठे आहे हे आपल्याला न मापताही कळू शकते, कारण त्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकणाऱ्या भोई आणि कोळी बांधवांना बुडालेल्या नदीचे वळण, जुन्या विहिरी, बुडालेल्या बांधांची रांग, सारे पाठ असते. विनयाने विचारल्यास ते सांगतात, आणि त्यांच्या माहितीपुढे खोली मापणाऱ्या, हातात धरायच्या विजेच्या यंत्राची मातब्बरी नाही.

ऋतुमानाप्रमाणे पुढील अंदाज धरावा. पौष-माघात पहाटे पाणी गार असते, मासा मंद असतो. जिग तळाजवळ जवळजवळ निश्चल ठेवावा. वैशाखात खानदेशाच्या उन्हात पृष्ठभाग तापतो आणि मासा खाली दबतो. सूर्योदयापूर्वीची आणि सूर्यास्तानंतरची वेळच खरी, मधला दिवस सावलीत काढावा. पावसाचे नवे पाणी ओढ्यांतून येऊ लागले की मासे उथळात चढतात, पण तो त्यांच्या प्रजोत्पादनाचाही काळ असतो. त्या आठवड्यांत गळ घरी ठेवला तर तळ्याचेच भले होईल.

वारा, आणि तरंगा काय सांगतो

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळांवर ज्या वाऱ्याच्या भरवशावर पवनचक्क्या उभ्या केल्या, तोच वारा दुपारी आपल्या दोऱ्याला पोट आणतो. वाऱ्याकडे सरसकट शत्रू म्हणून पाहू नये. लाटेवर तरंगा वर-खाली होतो तसा खाली जिग आपोआप नाचतो, आणि ते नाचणे हाताने दिलेल्या हिसक्यांपेक्षा अधिक स्वाभाविक असते. शक्य तर वारा पाठीवर घेऊन बसावे. पाणी अगदी स्तब्ध असेल तर अधूनमधून काठीचा शेंडा हळूच उचलावा, तरंगा हातभर सरकू द्यावा, आणि थांबावे. मासा बहुधा त्या थांबण्यातच तोंड घालतो.

तरंगा बुडाला तर मासा लागला, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु तो एकाएकी आडवा पडला तरी मासा लागलेलाच असतो. त्याने जिग वर उचलला म्हणून खालचा भार नाहीसा झाला. तरंगा वाऱ्याच्या उलट चालू लागला तरी तेच. अशा वेळी घाईने झटका देऊ नये. काठी आणि तरंगा यांमधला ढिला दोरा आधी गुंडाळून घ्यावा, ताण लागला की मग मनगटाने दृढपणे उचलावे. दोरा तरंग्यापाशी काटकोनात वळलेला असतो, म्हणून ढिल्या दोऱ्यावर दिलेला झटका गळापर्यंत पोचतच नाही.

हे पाणी कोणाचे?

धरण सरकारचे, सरकार जनतेचे, तेव्हा मासा आमचा का नव्हे, असा युक्तिवाद काठावर नेहमी ऐकू येतो. तो टिकत नाही. धरणाची भिंत, जमीन आणि पाणी जलसंपदा खात्याकडे, आपल्या भागात मुख्यतः जळगावी कचेरी असलेल्या तापी पाटबंधारे विकास महामंडळाकडे, असते. मासेमारीचा अधिकार मत्स्यव्यवसाय विभागाकडे असतो. आणि तो विभाग ठरावीक मुदतीचा ठेका बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थेला देतो. संस्था ठेक्याची रक्कम भरते, मत्स्यबीज विकत घेते, बोटुकली सोडते. आपण ज्या रोहूला निसर्गाची देणगी समजता तो अनेकदा तिच्या वहीतील खर्च असतो. मासा धरून परत सोडणार असलात तरी परवानगी लागते, कारण प्रश्न केवळ माशाच्या किमतीचा नाही, ठेकेदाराच्या हक्काचा आहे.

चौकशी कोठे करावी ते जागेवर अवलंबून आहे:

- हतनूर, वाघूर, बोरी, मन्याड, अक्कलपाडा यांसारखी धरणे. आपल्या जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात ठेका कोणाकडे आणि कधीपर्यंत हे विचारावे, मग त्या संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना भेटावे. गिरणा धरण नांदगाव तालुक्यात असल्यामुळे त्याची चौकशी नाशिकपासून सुरू करावी.
- गावतळी व पाझर तलाव. ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषद. सरपंचांच्या तोंडी होकारावर विसंबू नये. दप्तरातील ठराव पाहावा.
- अनुसूचित क्षेत्र. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. 1996 च्या पेसा कायद्याप्रमाणे तेथील लहान जलसाठ्यांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवले आहे आणि ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यात मासे व इतर जलोत्पन्नांवरील सामुदायिक हक्कही मान्य आहेत. भिल्ल किंवा पावरा वस्तीजवळच्या पाण्यावर शहरातून गाडी घेऊन येणाऱ्याने प्रथम वस्तीत जावे, मग पाण्याकडे.
- पिण्याचे तलाव. धुळ्याला पाणी पुरवणारे नकाणे व डेडरगाव यांसारखे तलाव. येथे महापालिकेची अनुमती नसेल तर बसूच नये, आणि असली तरी पेंडीचा चारा पाण्यात टाकू नये.
- अभयारण्ये. यावल, अनेर धरण आणि गौताळा-औट्रम घाट. येथे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे आणि गळ टाकणे हा गुन्हा ठरू शकतो. सुकी धरण यावल अभयारण्याच्या परिसरात आहे, हे रावेरकडच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे. संस्थेची पावती वनखात्यापुढे चालत नाही.
- देवाचा डोह. कायदा काही म्हणो, जेथे गाव माशांना लाह्या-चुरमुरे घालते तेथे गळ टाकू नये.

परवानगी लेखी घ्यावी. तीत आपले नाव, तारीख, जागा, काठ्यांची संख्या, धरलेल्या माशांचे काय करायचे आणि शुल्क किती, एवढे असावे, आणि शुल्काची पावती निराळी मागावी. काही संस्था दिवसाचे शुल्क घेऊन आनंदाने बसू देतात, काही मुळीच देत नाहीत. नकार हा त्यांचा अधिकार आहे.

कोणी अडवल्यास

1. अडवणाऱ्याचे नाव, पद आणि अधिकार विचारावा. आवाज न चढवता आपली लेखी परवानगी दाखवावी.
2. परवानगी नसेल तर काठी आवरून निघावे. तेथे हुज्जत घालण्यात हशील नाही.
3. संस्थेचा राखणदार आपल्याला मज्जाव करू शकतो, खात्याला किंवा पोलिसांना बोलावू शकतो. परंतु जागच्या जागी मनमानी दंड ठरवण्याचा किंवा साधने जप्त करण्याचा अधिकार त्याला नाही. पावतीवाचून पैसे मागितल्यास नम्रपणे नकार द्यावा आणि पोलीस ठाण्यात चलण्याची तयारी दाखवावी.
4. अधिकाऱ्याने साधने जप्त केलीच तर पंचनाम्याची प्रत मागावी.
5. ठेका संपला आहे किंवा मुळात झालेलाच नाही अशी शंका असेल तर माहितीचा अधिकार अधिनियम 2005 अन्वये दहा रुपयांच्या शुल्कासह अर्ज करावा. अर्जात तलावाचे नाव, ठेकेदार, मुदत आणि कराराची प्रत एवढेच मागावे; लांबलचक कैफियत लिहू नये. उत्तरासाठी तीस दिवसांची मर्यादा आहे.

सुरुंग, विष किंवा विजेचा प्रवाह वापरून कोणी मासे मारताना दिसला तर प्रकरण निराळे होते. स्फोटके आणि विष यांस 1897 च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासून मनाई आहे. स्वतः मध्ये पडू नये. दूर जाऊन 112 वर खबर द्यावी, आणि अशा ठिकाणचा मासा विकत वा फुकट, कसाही घेऊ नये.

जीव जपण्याविषयी

भिंतीवर, दरवाजांजवळ आणि सांडव्याच्या खाली बसण्यास मनाई असते ती खात्याच्या लहरीखातर नव्हे. हतनूरला 41 दरवाजे आहेत, आणि वर पूर्णेच्या खोऱ्यात झालेल्या पावसाचे पाणी येथे आभाळ निरभ्र असतानाही येऊन ठेपते. अक्कलपाड्यातून पाणी सुटले की पांझरा धुळे शहरातून कशी वाहते हे तेथील वाचकांना सांगायला नको. भोंगा ऐकू आला की साधने टाकून वर चढावे.

उन्हाळ्यात पाणी मागे हटल्यावर उघडा पडलेला गाळ वरून वाळून भेगाळलेला दिसतो, आणि खाली मांडीभर ओला असतो. काठीने चाचपल्यावाचून त्यावर पाऊल टाकू नये, एकट्याने तर मुळीच नाही. गाळपेर जमिनीतील काकडी-टरबुजाच्या वेलांतून पायवाट पाडू नये. ग्राफाइटची काठी विजेची उत्तम वाहक असते. वीजतारांखाली ती उभी धरू नये, आणि वळीव गडगडू लागला की ती आडवी ठेवून दूर व्हावे. डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर टोपी असावी, कारण अडकलेला जिग ओढताना सुटला तर तो सरळ तोंडाकडे येतो. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकला तर मासा आणि माणूस दोघेही लवकर सुटतात. तरीही गळ मांसात खोल रुतला तर तो घरी उपटू नये, डॉक्टरांकडे जाऊन काढून घ्यावा आणि धनुर्वाताची सुई घ्यावी.

गळाला कासव लागण्याचा प्रसंग तळाजवळच्या आमिषाला वारंवार येतो. आपल्या तळ्यांतील मऊ पाठीच्या कासवाला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. ते जवळ ठेवणे, विकणे वा खाणे गुन्हा आहे. त्याला दोऱ्याने वर ओढू नये, जाळीने उचलावे, मागच्या बाजूने धरावे, गळ दिसत असेल तर पकडीने काढावा आणि गिळला असेल तर दोरा तोंडापाशी कापून सोडून द्यावे. तोडलेला तंगूस मात्र काठावर टाकू नये. हिवाळ्यात हतनूरच्या फुगवट्यावर उतरणाऱ्या पाणपक्ष्यांच्या पायांत तो गुंततो आणि त्यातून पक्ष्याची सुटका होत नाही. त्याचे बोटभर लांबीचे तुकडे करून ते डबीत भरून घरी आणावेत.